गुरुवारच्या चार ओळी

आमच्या कंपनीत आम्ही सहा जण होतो. बिबवेवाडीत एका मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, एवढंच ऑफिस. फिजिओथेरपी केंद्रांसाठी अपॉइंटमेंटचं वेब ॲप्लिकेशन आम्ही चालवायचो. पेशंटनं मोबाईलवर वेळ घ्यायची आणि केंद्रावरच्या रिसेप्शनिस्टला ती स्क्रीनवर दिसायची, इतकं साधं काम. पण हे साधं काम करणारा कोड आठ वर्षांत इतका गुंतला होता, की एका पानावरचं बटण हलवलं तर तिसऱ्याच पानावर काहीतरी बंद पडायचं.

मालकांनी एके दिवशी मला बोलावलं. "तीन महिने घ्या. नवीन काही बनवू नका. आहे ते वाचता येईल असं करा. उद्या तुम्ही गेलात तर नंतर येणाऱ्याला कळलं पाहिजे."

"मी कुठे चाललेय?"

"आधीचेही असंच म्हणायचे," मालक म्हणाले.

आधीचे म्हणजे हा सगळा कोड एकट्यानं लिहिणारे गृहस्थ. मी यायच्या वर्षभर आधीच ते सोडून गेले होते. मी त्यांना फक्त त्यांच्या कोडमधून ओळखत होते. एकच तारीख तपासायचं काम त्यांनी अकरा ठिकाणी अकरा तऱ्हांनी केलं होतं. एका मोठ्या फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव होतं 'तात्पुरतं'. ते सात वर्षं चालू होतं.

मी पुस्तकात सांगतात तसंच केलं. आधी टेस्ट लिहिल्या, म्हणजे मी काही मोडलं तर लगेच कळावं. मग मोठ्या फंक्शनचे लहान तुकडे केले, अकराचं एक केलं, नावं बदलली. मला ते आवडत होतं. सकाळी ऑफिसात आल्यावर काल साफ केलेली फाईल उघडून नुसतीच पाहत बसायचे.

दुसऱ्या महिन्यात त्या चार ओळी सापडल्या. केंद्र क्रमांक तीन असेल आणि वार गुरुवार असेल, तर अकरा ते बारामधली वेळ कुणालाही दाखवू नये. बाकी कुठल्याच केंद्राला असं काही नव्हतं. शेजारी एका शब्दाचा खुलासा नव्हता.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "असेल काहीतरी."

मग मी त्या गृहस्थांना फोन केला. ते कसबा पेठेत राहतात. फोनवर सांगतो म्हणाले असते तरी चाललं असतं, पण "या की, चहा घेऊ" म्हणाले, म्हणून गेले. गाडी लांब लावून गल्ल्यांतून चालत घर शोधलं. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून चारही ओळी वाचल्या.

"मीच लिहिलंय," ते म्हणाले.

"का, ते आठवतंय?"

"अहो, मला गेल्या आठवड्यातलं आठवत नाही. पण कारण असणार. विनाकारण चार ओळी लिहिण्याइतका उत्साह मला तेव्हाही नव्हता."

"मग काढू का?"

"मला काय विचारता? आता तुमचं आहे ते." आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

शेवटी मी केंद्र क्रमांक तीनच्या डॉक्टरबाईंनाच फोन केला. हे केंद्र कात्रजला होतं. त्यांना एका क्षणात उलगडा झाला. "हां, गुरुवारी आमच्याकडे लाईट जायची. मशीन बंद, मग पेशंट नुसते बसून राहायचे. आता जनरेटर आहे. काढून टाका. रिकामा तास कुणाला हवाय?"

इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर मी त्या ओळी काढल्या. सगळ्या टेस्ट पास झाल्या. त्या दिवशी मी जरा खुशीतच होते. आपण तिघांना विचारलं, कारण शोधलं, ते कारण आता उरलेलं नाही याची खात्री केली आणि मगच हात लावला. यापेक्षा नीट कसं करायचं असतं, मला माहीत नव्हतं. आजही नाही.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी कात्रजच्या रिसेप्शनिस्टचा फोन आला. मी तिला कधी भेटले नव्हते, आवाज ओळखीचा होता.

"मॅडम, गुरुवारचे अकरा तुम्ही उघडलेत का?"

"हो. डॉक्टरांना विचारून."

"डॉक्टर गुरुवारी साडेबाराला येतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही एकदा इकडे येऊन जाल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. तिनं जे सांगितलं ते असं. सुरुवातीच्या काळात एका गुरुवारी लाईट गेली तेव्हा हॉलमध्ये दोन पेशंट अडकून बसले होते. दोघांनाही अर्धांगवायू झालेला, दोघांचीही वाचा अडखळलेली. त्यांतल्या एका बाईंनी दुसऱ्या गृहस्थांना काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. शब्द भलताच आला. त्या गृहस्थांनी उत्तर दिलं, तेही भलतंच. मग दोघंही हसायला लागले. पुढच्या गुरुवारी ते मुद्दाम त्याच वेळेला आले. नंतर तसेच आणखी चार जण यायला लागले. हॉल रिकामा असायचा, ही खुर्च्या गोल मांडून द्यायची. कुणी एक शब्द म्हणायचा, बाकीचे तो म्हणून बघायचे. जनरेटर आला, तरी स्क्रीनवर तो तास बंदच होता. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही आणि हिनंही कुणाला सांगितलं नाही.

"मग मी उघडल्यावर?"

"पहिल्या गुरुवारी हॉल भरलेला. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. यांना मी जिन्यात बसवलं. दुसऱ्या गुरुवारी माझी सुट्टी होती." ती टेबलावरचे कागद नीट लावू लागली. "एक निवृत्त शिक्षक यायचे, बसनं, एकटे. माझ्या जागी आलेल्या मुलीनं त्यांना मोबाईल नंबर विचारला. त्यांना आकडे सांगता येत नाहीत. तिला वाटलं, अपॉइंटमेंट नसताना आलेत, तिनं परत पाठवलं. काल ते आले नाहीत."

मी माफी मागितली, पण नक्की कशाची, ते माझं मलाच कळत नव्हतं. ती म्हणाली, "तुमची चूक नाही हो. तुम्हाला कसं कळणार?" त्यानं उलट जास्तच गोंधळायला झालं.

मी तिथंच बसून उपाय सुचवला. "आपण याची रीतसर नोंद करू. गट म्हणून. दर गुरुवारी त्यांची नावं टाकायची, म्हणजे हा तास पुन्हा कुणी काढणार नाही."

"मॅडम, त्यांना काही भरायला लावू नका," ती म्हणाली. "नाव विचारलं की तिथंच तर अडतं त्यांचं."

डॉक्टरबाईंना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी बोललं कसं नाही?" मग त्यांनी स्क्रीनवरचा गुरुवार उघडून पाहिला. "बंद ठेवा तो तास," त्या म्हणाल्या.

घरी बाबांना हे सांगितलं. ते सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि कुठल्याही कामात आधी पद्धत पाहतात. "तू तिघांना विचारलंस ना?" ते म्हणाले. "मग पद्धत बरोबर आहे."

"पण झालं ते चुकीचंच झालं ना?"

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. "चौथ्याला विचारायला हवं होतंस," असं म्हणाले आणि मग स्वतःच, "पण चौथा आहे हे तुला कळणार कसं," म्हणून पुन्हा पेपर उघडला.

सोमवारी मी त्या ओळी परत घातल्या. या वेळी त्यांना वेगळं फंक्शन केलं, टेस्ट लिहिली आणि नाव द्यायला बसले. 'राखीव तास' लिहिलं, खोडलं. 'गटाची वेळ' लिहिलं, पण गट म्हणून तर कुठेच काही नव्हतं. शेवटी 'गुरुवारी अकरा बंद' एवढंच ठेवलं. वर कोड वाचणाऱ्यासाठी कमेंट लिहिली, की कात्रजच्या रिसेप्शनिस्टला विचारल्याशिवाय हे काढू नये. माझा कोड तपासणाऱ्या सहकाऱ्यानं शेरा मारला, "कमेंटमध्ये कारण लिहायचं असतं, माणसं नाही." त्याचं बरोबर होतं. मी तीनदा कारण लिहायला घेतलं. दरवेळी ते पानभर व्हायचं आणि तरी त्यात काहीतरी राहून जायचं. मग कमेंट तशीच ठेवली.

पाच जण परत यायला लागले. ते शिक्षक आले नाहीत. रिसेप्शनिस्टनं त्यांच्या घरी फोन केला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "जायचं का म्हणून आम्ही विचारतो, ते मान हलवतात." कशासाठी हलवतात, हे त्यांनाही कळत नव्हतं. कदाचित तब्येतीमुळे असेल, कदाचित त्या मोबाईल नंबरमुळे. मी त्यांच्या घरी जायचं दोनदा ठरवलं आणि गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

महिन्याभरानं मात्र एका गुरुवारी रजा टाकून मी कात्रजला गेले. रिसेप्शनिस्टनं मला एक खुर्ची दिली. समोर त्या पहिल्या दिवसापासूनच्या बाई बसल्या होत्या, डावा हात उजव्या हातात धरून. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तू... तू... डबा."

"माझा डबा? आज आणला नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ते नव्हतं विचारायचं.

"डबा हवाय का तुम्हाला?" रिसेप्शनिस्टनं विचारलं. तेही नाही. मग बाकीचेही कामाला लागले. एकानं चहाची खूण केली, एकानं घड्याळाकडे बोट दाखवलं. मी कोण म्हणून विचारत असतील असं वाटून मी म्हणाले, "मी तुमचं अपॉइंटमेंटचं बघते, संगणकावर." बाईंनी पुन्हा मान हलवली, पण चिडून नाही. "डबा," त्या परत म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट पाहत राहिल्या.

बारा वाजेपर्यंत आम्ही सगळे प्रयत्न करत होतो. त्यांना काय विचारायचं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.