अंबूबाईचा सातवा वाटा

पिंपळगाव राजाच्या शिवारात सोयाबीन सोंगायचा गुत्ता, म्हणजे कापणीचा ठेका, घ्यावा तर जनकाबाईनं. एकराचा भाव ठरवताना ती भल्याभल्या मालकांच्या तोंडाला फेस आणायची. तिच्यासकट आम्ही पाच जणी तिच्या टोळीत होतो.

गुत्त्याचे पैसे ती वाट्यांनी द्यायची. अर्धा दिवस म्हणजे एक वाटा. सकाळी आलेली बाई बारा वाजायच्या आत उठली, की तिचा तो वाटा बुडाला. हा नेम तिचाच. एकदा तिचा नातू तापानं फणफणला तेव्हा ती स्वतः अकराला उठली आणि आपला वाटा तिनं निमूट सोडला. त्यामुळे कोणी ब्र काढत नसे.

गेल्या दिवाळीआधी सहा एकरांचं काम होतं, अठरा हजार आठशेला. चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास अंबूबाईनं विळा खाली ठेवला.

"जनका, छातीत दुखून राह्यलं वो. घरी जाऊ का?"

"दोनच तास राह्यले. ओढ कशीबशी, नाहीतर वाटा जाईन तुहा."

अंबूबाई पुन्हा वाकली. बारा वाजले, वाटा पुरा झाला. मग ती बांधावर जाऊन बसली, ती उठलीच नाही.

तिच्या मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर उरलेलं काम आम्ही चौघींनी उरकलं. चौघींचे दहा-दहा वाटे, अंबूबाईचे सात. एकूण सत्तेचाळीस, वाट्याला चारशे रुपये. हिशेब मोबाइलवर मीच केला आणि माझं डोकं फिरलं. मेलेल्या बाईलाही कापून द्यायचं?

"मावशी, पाच सारखे भाग करा ना. तिच्या पोरीले काऊन कमी?"

"सातच. अंबूनं जन्मात कोणाचं फुकट घेतलं नाही."

रागारागातच मी तिच्यासोबत अंबूबाईच्या घरी गेले. तिची एकुलती मुलगी पुष्पांजली दारात आली. जनकाबाईनं आधी चोवीसशे तिच्या हातात दिले. उरलेले चारशे काढले आणि तिच्यापुढे धरले.

"पोरी, हे त्या सकाळचे. ती दहालेच म्हणे, घरी जाऊ का. म्याच तिले थांबवलं, ह्या वाट्यापायी. तुले सांगितल्याबिगर हे पैसे देववत नाही मले."

पुष्पांजलीनं ते चारशे जनकाबाईच्या मुठीत परत कोंबले.

"हे तुमीच ठेवा."

आणि दार लावून घेतलं.

आता जनकाबाईच्या टोळीत जिला बरं वाटत नाही ती केव्हाही उठते, वाटा कापला जात नाही. गावातले लोक तिला भली म्हणतात. मला तिची दया येते आणि स्वतःची लाज वाटते. त्या सकाळी मी अंबूबाईच्या शेजारच्याच पातीत होते. सगळं ऐकलं होतं मी, आणि तिला घरी पोचवायला उठले तर माझा वाटा बुडेल म्हणून खाली मान घालून विळा चालवत राहिले होते.