शॉकअपची हवा

मी पॉलिटेक्निकमध्ये द्रवांचा आणि वायूंचा दाब शिकवतो. एकवीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

पन्नाशी आली तेव्हा डॉक्टरनं चालायला सांगितलं आणि मी सायकल घेतली. साधी नाही, डोंगरातली. रविवारी पहाटे आमचा ग्रुप फेटरीकडच्या खडकाळ वाटांवर जातो, त्यात मीही घुसलो. या सायकलीच्या पुढच्या दोन दांड्यांत हवा भरलेली असते, म्हणून खड्ड्यात हात झणझणत नाहीत. विकणारा त्याला फोर्क म्हणतो. शहराला लागून असलेल्या वाडी भागात सगळे शॉकअप म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वर्षभरानं शॉकअपमधून तेल झिरपायला लागलं. ग्रुपातले लोक असली कामं पुण्याला पाठवतात. मला वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत, एका बाईचं छोटं दुकान सापडलं. ती मूळची नरखेडकडची. दहा-बारा वर्षं तिनं ट्रकच्या हायड्रॉलिक जॅकचे सील बदलायचं काम केलं होतं, मग स्वतःचं सायकलींचं दुकान टाकलं. पंक्चर, ब्रेक, सगळं करायची. ग्रुपातल्या सायकलींचे शॉकअप मिळाले तर दुकान उभं राहील, असं तिनंच मला सांगितलं होतं. मी छाती फुगवून म्हटलं, "ताई, आधी माझा करा. मग बघा मी किती गिऱ्हाईकं आणतो!"

तिनं शॉकअप माझ्यासमोर उघडला, सील बदलले, तेल टाकलं, ऐंशी पॉइंट हवा भरली. काम झकास झालं होतं. मी खूश होऊन येताना दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप विकत घेतला.

इथूनच बोंब झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप लावला तर काटा सत्तरवर. भरून ऐंशी केला. संध्याकाळी लावला, पुन्हा सत्तर. रोज दोन वेळा हेच. बायको म्हणाली, "अहो, सायकल आहे का पेशंट? दोन टाइम बीपी घेऊन राहिले तिचं!" मी तिच्यावर खेकसलो. माझा स्वभावच तसा आहे, आधी तापतो आणि मग विचार करतो, तोही केला तर.

सायकल घेऊन वाडीला गेलो. ताईनं शॉकअप काढला, वॉल्व्हचं टोक पाण्याच्या घमेल्यात बुडवलं, सीलवर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. तरी तिनं पुन्हा उघडून नवे सील टाकून दिले. घरी आणला, दुसऱ्या दिवशी काटा सत्तरवर.

मी परत गेलो तो भांडायलाच. दुकानात दोन ट्रकवाले सायकलचं पंक्चर काढून घ्यायला आले होते, त्यांच्यासमोर विचारलं, "हवा जाते की नाही जात? काटा खोटं बोलते काय?"

ती म्हणाली, "भाऊ, रोज पंप नका लावत जाऊ. तुमच्या पंपाची नळी रिकामी राहते ना, ते आधी..."

"मले शिकवू नका!" मी ओरडलो. रागात माझी घरची बोली बाहेर येते. "मी पोरांना प्रेशर शिकवतो. तुम्ही सील कोणते टाकले ते सांगा. ट्रकच्या जॅकचे टाकले का?"

ती फडक्याला हात पुसत उभी राहिली. ट्रकवाले माझ्याकडे पाहत होते आणि मला वाटलं, बरी जिरवली.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं: 'वाडीच्या त्या बाईकडे कोणी शॉकअप देऊ नका. डुप्लिकेट सील टाकते. शेवटी बायकांच्या हातचं काम.' खाली हसण्याचे चेहरे आले, अंगठे आले. एकानं लिहिलं, 'सर म्हणतात म्हणजे झालंच.' मला बरं वाटलं. खोटं काय सांगू, छानच वाटलं. माझी स्वतःची बायको कॉलेजात अकाउंट शिकवते, तिच्या हातचा पगार मला चालतो. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यानंतर साळ्याच्या मुलीचं लग्न होतं, अठरा दिवस गावाला गेलो. निघताना काटा ऐंशीवर आणून ठेवला. एका रात्रीत दहा पॉइंट जातात, तर अठरा दिवसांत शॉकअप पार बसलेला असणार, असं धरूनच चाललो होतो. आलो, बॅग ठेवली, पंप लावला.

सत्तर.

मी तिथंच फरशीवर बसलो. एका रात्रीतही दहा आणि अठरा दिवसांतही दहाच? हवा भरली नाही, पंप काढला, लगेच परत लावला. साठच्या वर थोडा. काढला, लावला, आणखी खाली. दोन मिनिटांत काटा पन्नासच्या घरात आला. शॉकअपमध्ये हवा असते ती मूठभर. रिकामी नळी लावली की त्यातली थोडी नळीत शिरते आणि काटा खाली येतो. दाब गेलेला नसतो, मोजणाराच तो घेतो. हे मी वर्गात फळ्यावर दोन भांडी काढून शिकवतो. मधली तोटी उघडली की काय होईल, असं पोरांना विचारतो, आणि ज्याला येत नाही त्याला उभं करतो.

ताई हेच सांगत होती. अर्ध्या वाक्यात मी तिचं तोंड बंद केलं होतं.

त्याच दिवशी ग्रुपवर लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं. तीन आठवडे नाही लिहिलं. एवढ्या लहान गोष्टीचा कशाला गवगवा, असं मनाशी म्हणत राहिलो. वाडीवरून जायचं टाळायला लागलो, लांबच्या रस्त्यानं फिरून जायचो. एका रविवारी फेरी झाल्यावर पोहे खात होतो, तेव्हा ग्रुपातले एकजण म्हणाले, "बरं झालं सर तुम्ही वेळेवर सांगितलं. मी त्या बाईला सायकल देऊनच राहिलो होतो. आम्ही चौघांनी मिळून पुण्याला पाठवल्या." मी मान हलवली आणि म्हटलं, "हो ना." चार सायकली म्हणजे तिचं महिन्याभराचं काम होतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर दुकानात गेलो. ती एका डिलिव्हरीवाल्याची ट्यूब घासत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नळीचं, अठरा दिवसांचं. तिचा हात थांबला नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही तेव्हा बोलल्या काहून नाही?"

"बोलली होती ना भाऊ. तुम्हीच म्हटलं, शिकवू नका." तिनं सोल्युशन लावलं, फुंकर मारली. "आता हे मले सांगून काय होते? ज्याइले सांगितलं होतं, त्याइले सांगा."

मी तिथंच फोन काढला आणि लिहिलं: 'शॉकअपच्या हवेबाबत गैरसमज झाला होता, तो दूर झाला आहे.' तिला वाचून दाखवलं.

"गैरसमज कोणाले झाला होता?" तिनं विचारलं.

मी 'गैरसमज'च्या आधी 'माझा' घातला.

"आन् ते बायकांच्या हातचं, ते?"

ती ग्रुपात नाही, तिला ते कळलंच नसेल, असं मी धरून चाललो होतो. ग्रुपातल्याच कोणीतरी तिला दाखवलं होतं, हसण्याच्या चेहऱ्यांसकट. ती रागावली नव्हती. ट्यूबवर ठिगळ दाबून धरलं होतं आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

मी ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. सील चांगले होते. काम चांगलं होतं. पंप वारंवार लावून हवा मीच काढत होतो, ताईंनी सांगितलं तर मी ओरडलो. बायकांच्या हातचं म्हणालो ते नीचपणाचं होतं, मला त्याची लाज वाटते. तिला वाचून दाखवलं. पाठवून टाकलं. डिलिव्हरीवाला बिचारा आपल्या बुटांकडे पाहत बसला होता.

तिनं फक्त मान हलवली. मला वाटलं, संपलं, सुटलो. सवयीनं लगेच बोलूनही गेलो, "दिवाळीत सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच आणतो बरं का ताई."

"नका आणू, भाऊ."

मी हसलो. मला वाटलं ती ताणून धरते.

"रागानं नाही म्हणत," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाची पाठवा, मी करीन. तुमच्या सायकलीले नाही लावत हात. मले भेव लागते तुमचं."