वादळाच्या दिवसाचं पाणी

भाट्याच्या खाडीने काल रात्री काय खाल्लं, हे साऱ्या रत्नागिरीत एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, तेव्हा विद्यार्थी सुटले आणि खाडी सापडली. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरतात. त्यात कार्बन किती विरघळलाय ते मोजायला बाटल्या मुंबईच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जातात, आणि तोवर फ्रीजमध्ये राहतात. "माझ्या फ्रीजात सोलकढीला जागा नाही, खाडीला आहे," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी नवा जावई म्हणून गेलो, तेव्हा चहा एक कप आणि व्याख्यान अडीच तास मिळालं. पालापाचोळा, मेलेले जीव, सगळ्यांतला कार्बन खाडी चिखलात गाडून ठेवते. पण मोठं वादळ आलं की तळ ढवळतो, नदी डोंगराची माती आणून ओतते, आणि जपून ठेवलेलं पुन्हा हवेत जातं. किती जातं ते कुणालाच सांगता येत नाही, कारण भर वादळात पाणी भरायला जाणार कोण?

मामा गेले. चक्रीवादळ आलं तेव्हा मी तिथेच होतो. मला घराचे पत्रे सांभाळायला सांगून ते कमरेला दोर बांधून धक्क्यावर उतरले. दोराचं दुसरं टोक माडाला गुंडाळून मामी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. बाटली भरली आणि वीज गेली. पाणी गार राहिलं नाही, तर त्यातले जंतू जेवायला बसतात आणि आकडा बदलतो. रस्त्यावर झाडं आडवी, मुंबई तर लांबच. शेवटी शेजारच्या मच्छीमाराने आपला उरलेला बर्फ आणून दिला. त्याची होडी वाऱ्याने बागेत नेऊन फोडली होती.

"मासेच नायत मास्तर," तो म्हणाला, "बरफ कोणासाठी ठेवू?"

तिसऱ्या दिवशी तो बर्फही संपला. रस्ता मोकळा झाला, तोवर पाण्याला वास येऊ लागला होता. मामांनी बाटली स्वतःच्या हाताने खाडीत रिकामी केली. ज्या एका आकड्यासाठी या माणसाने जीव धोक्यात घातला, तो असा गेलेला पाहून मला गलबलून आलं. पुढच्या वादळात नक्की मिळेल, असं मी म्हणालो. त्यांनी बागेतल्या त्या फुटक्या होडीकडे पाहिलं.

"नको, जावईबापू," ते म्हणाले. "तो आकडा मला नाही मिळाला तरी चालेल."