एकाच गल्लीत दोन एक नंबर

बडोद्यात, अकोट्याच्याही पलीकडं, जिथं तोवर एरंडाची शेतं होती, तिथं मी घर बांधलं. नागरवाड्यातल्या दोन खोल्यांत सगळा जन्म गेलेला. मी चौथी शिकलेला माणूस, पण लेथ मशीनवर राबून स्वतःचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, उभं केलं. वर मजला चढेल असा पाया घातला. नव्या गल्लीत सात घरं होती, माझं पार शेवटाला, आणि सगळ्यांत आधी राहायला आलो मी. रस्ता कच्चा, पाणी दिवसाआड, तरी आलो.

म्हणून फाटकावर एक नंबर लावला. पितळेच्या पट्टीतून स्वतः कापला, कानशीनं घासला, स्क्रूनं बसवला. बिल्डरच्या नकाशात पलीकडची सोसायटी पण धरलेली, त्यामुळं आमची गल्ली मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर सुरू व्हायची. असल्या आकड्याला कोण विचारतो? जो पहिला आला तो एक.

दोन महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त शाळामास्तर राहायला आले. गुजराती माणूस, बोलणं मऊ. त्यांनी आपल्या फाटकावर रंगानं एक काढला. मी विचारायला गेलो.

"भाऊ, नंबर तो रोड परथी ज गणाय," ते म्हणाले. म्हणजे नंबर रस्त्यापासूनच मोजायचे.

"मास्तर, शाळेत जो आधी येतो त्याचाच बाक पहिला."

"पण हाजरी तो नाम प्रमाणे ज पुराय ने!" आणि हसले. हजेरी म्हणे नावाप्रमाणंच लागते.

त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते लागलं. शाळेवरून मला कुणी काही बोललं की लागतंच. तेव्हापासून मी त्यांच्या फाटकाकडं न बघता ये-जा करू लागलो.

आमची सूनबाई कामाला होती. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलतात त्याचं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, असं ते काम. बाळ झाल्यावर ऑफिसनं सांगितलं, घरून करा, पण ब्रॉडबँड पाहिजे. महिनाअखेरपर्यंत घेतलं नाही तर जागा दुसरीला देऊ. तिला ते काम जिवापाड आवडायचं. डॉक्टर कसे नाकात बोलतात त्याच्या नकला ती जेवताना करून दाखवायची.

"मी आणतो ब्रॉडबँड," मी म्हणालो. मुलगा म्हणत होता मी रजा टाकतो, पण त्याला गप्प बसवलं.

टेलिफोन ऑफिसात खिडकीवर एक मुलगी होती. "काका, पिनकोड?"

"नाव लिही आणि बडोदं लिही. पोचतं."

"काका, पिनकोड वगर कॉम्प्युटर फॉर्म लेतुं ज नथी."

मी नागरवाड्याचा सांगितला. त्यात आमची सोसायटी निघेना. लाइट बिल दाखवलं, तर ते बिल्डरच्या नावाचं, वर शेताचा सर्व्हे नंबर. ती म्हणाली, पोस्टातून पत्र आणा.

एका पोस्टानं दुसऱ्या पोस्टात धाडलं. तिथले साहेब दांडिया बाजारातले, मराठी निघाले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, आमचा पोस्टमन येऊन गेला तुमच्याकडं. गल्लीत शिरला तर एक नंबर. शेवटाला गेला तर परत एक नंबर. मधली घरं कोरी. मला विचारतो, साहेब, ही गल्ली कुठून सुरू करू?"

टेबलाटेबलांवरचे सगळे हसले.

"रस्त्यापासून ओळीनं नंबर टाका, साती घरांच्या सह्या आणा. त्याच दिवशी पत्र देतो."

"रस्त्यापासून म्हणजे मी सातवा."

"मग सात काय वाईट, काका?"

चहा तसाच टाकून मी उठलो. घरी सांगितलं, पोस्टातली माणसं कामं करत नाहीत. हे मी खोटं सांगितलं.

चार दिवस गेले. सूनबाई बाळाला बायकोपाशी ठेवून अकोट्याच्या सायबर कॅफेत जाऊ लागली. जागा हातची जाऊ नये म्हणून थोड्या फाइली तिथं बसून करायची. एके दुपारी तिची बस चुकली. चार महिन्यांचं पोर, बाटली तोंडात धरेना. रडून रडून त्याचा आवाज बसला. मी खुळखुळा वाजवत फिरत होतो, जसं काही त्यानं पोट भरणार होतं. ती आली ती धावतच, चपला पायात तशाच, देवघरापुढून थेट आत. बाळाला घेऊन मग खाली बघितलं.

"बाबा, चुकलं. चपला राहिल्या."

चूक कुणाची होती ते मला ठाऊक होतं. इतक्या दिवसांत पोस्टाचं काय झालं म्हणून तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

बायको मला ओट्यावर घेऊन आली. "ती विचारत नाही, कारण तुम्ही आणतो म्हणालात. आता मला सांगा, खरं काय अडलंय?"

सांगितलं.

"एका आकड्यासाठी? अहो, या घरात तुमच्याबरोबर मीही पहिलीच आले होते. मला कुणी नंबर दिला?"

मी उठलो. पेचकस घेतला आणि भर दुपारी, चार लोकांदेखत पितळेचा एक उतरवला. खिडक्यांच्या उरलेल्या ऑइलपेंटनं तिथं सात काढला. मग कोरा कागद घेऊन मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, अर्ज लिहायचाय. मला लिहिता येत नाही तसला."

त्यांनी चष्मा लावला आणि मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला. खाली सह्यांसाठी सात रेघा मारल्या. सगळ्यांत वरच्या रेघेवर बोट ठेवून पेन माझ्या हातात दिलं.

"पहेली सही तमारी. पहेला तमे आव्या हता."

माझी सही वेडीवाकडीच येते. त्या दिवशी जास्तच आली. बाकीच्या सह्यांसाठी मास्तर माझ्याबरोबर घरोघर हिंडले.

महिना संपायला दोन दिवस असताना लाइनमन तार ओढून गेला. दुसऱ्या सकाळी सूनबाई कानाला हेडफोन लावून बसली. बोटं अशी चालत होती की मी लेथवर इतका चपळ कधी नव्हतो, आणि मी हे सहसा कुणाबद्दल कबूल करत नाही. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. तिची मान वळायच्या आत मी त्याला उचललं आणि बाहेर गल्लीत आणलं.

फिरत फिरत रस्त्याच्या तोंडापर्यंत गेलो. मास्तर झाडांना पाणी घालत होते.

"चालू थई गयुं?"

"थई गयुं," मी म्हणालो. "पण हळू बोला. आत काम चाललंय."

आमचं घर तिथून सहा घरं लांब होतं. तरी मास्तरांनी मान डोलावली आणि नळ बारीक केला.