सफेद झालं का?

पांढऱ्या रंगाची मला भीती वाटते, असं सांगितलं तर लोक हसतील. पण वाटते.

माझे मिस्टर हकीम. शहागंजात दुकान, गारखेड्यात घर आणि घराच्या गच्चीवर त्यांची भट्टी. सगळे त्यांना हकीमसाहेब म्हणतात. चिडले की मीही तेच म्हणते, म्हणजे जवळजवळ रोजच. वर्षातून एखाद्या वेळी ते पोवळ्याचा कुश्ता, म्हणजे भस्म करतात. पोवळ्याच्या काड्या गुलाबपाण्यात खलायच्या, वड्या करून मडक्यात ठेवायच्या, तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि मडकं गोवऱ्यांच्या आगीत. पार निवल्यावरच उघडायचं. आत शुभ्र राख निघाली तर काम फत्ते. जरा जरी रंग उरला असला तर पुन्हा आग.

मडकं उघडायचा मान आमच्या एकुलत्या एका मुलीचा. हकीमसाहेबांची नजर पहिल्यापासून अधू. लहानपणी ती फ्रॉक सावरत मडक्यात डोकवायची आणि हे विचारायचे, "सफेद झालं का, बेटा?" ती "झालं!" म्हणाली की सगळ्यांच्या हातावर खडीसाखर. "अजून रंग हाय" म्हणाली की हे मुकाट्यानं पुन्हा माती कालवायला बसायचे. तिच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. माझ्या प्रत्येक शब्दावर घेतात.

ही मुलगी पुढं समुद्रात बुड्या मारायला गेली. आमच्या खुलताबादच्या खानदानात विहिरीपलीकडं कुणी पोहलेलं नाही, आणि ही अरबी समुद्रातल्या एका बेटावर जाऊन प्रवाळांवर काम करते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या इवल्या जिवांची वस्ती, हे मला तिनंच शिकवलं. मी पिशोरच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं; आम्हाला पोवळं फक्त अंगठीतलं नाहीतर मडक्यातलं ठाऊक. तिथं टेम्पोएवढं एक जुनं प्रवाळ आहे, कित्येक पिढ्या पाहिलेलं. त्याला ती दादी म्हणते. फोन आला की आधी दादीची खबर, मग आमची. सख्ख्या दादीला तिनं कधी एवढे फोन केले नव्हते, आणि मला याचा राग यायचा.

मागच्या एका उन्हाळ्यात तिनं व्हिडिओ पाठवला. सोबत एक शब्द नाही. पाण्याखाली दादी उभी, पायापासून माथ्यापर्यंत पांढरीफेक. हकीमसाहेबांनी मोबाइल डोळ्यांना भिडवला आणि खूश होऊन ओरडले, "अगं, बघ तर! समुद्रातच कुश्ता उतरला! लई साफ!" दुकानातलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, दूरच्या समुद्रातलं, पण त्यांच्या लेखी सगळं एकच खानदान. त्यांनी गिऱ्हाइकांना खडीसाखर वाटली. पोरीला आवाजी मेसेज धाडला, "मुबारक, बेटा!" मीही हसले. ज्या माणसानं जन्मभर पांढऱ्याची वाट पाहिली, तो दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस तिचा फोन नाही. मग आला.

"अब्बा, पाणी तापलंय. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खाऊ घालतं, रंगही त्याचाच. उष्मा सोसवेना म्हणून दादीनं ते बाहेर टाकलं. मेली नाय अजून. उपाशी हाय."

हकीमसाहेब खाली बसले. म्हणाले, "म्हणजे बुखार."

"व्हय, अब्बा. बुखारच."

त्या दिवसापासून ते रोज तिला पाणी किती तापलंय ते विचारायचे, पेशंटची नाडी विचारावी तसं. इथं गारखेड्यात कूलरपुढं बसून आम्ही दोघं म्हातारी समुद्र निवायची वाट बघत होतो. शेजारच्यांच्या एसीची गरम हवा आमच्या खिडकीत यायची, तेव्हा माझं डोकं फिरायचं. त्यांना काय बोलणार? आमचाही कूलर चालूच होता.

पावसाळा लागला आणि पाणी निवलं. दादीच्या अंगावर फिकट तपकिरी झाक आली. पोरगी फोनवर हसली, कितीतरी दिवसांनी. हकीमसाहेबांनी लगेच गच्चीवर नवं मडकं लावलं. म्हणाले, "ती घरी आली की उघडंल."

मग रोग आला. दादीच्या अंगावर एका बाजूनं पट्टा सरकू लागला. तो पुढं जाईल तसं मागं नुसतं हाड उरत होतं. बुखारानं खंगलेल्या शरीराला रोग लवकर धरतो, हे हकीमसाहेबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "दवा?"

"लहान प्रवाळांना कडेकडेनं औषध लावून बघतात, अब्बा. दादीला कुठं कुठं लावू? आणि पुढच्या साली पाणी पुन्हा तापलं तर?"

हकीमसाहेबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. दवा न सांगता त्यांनी पेशंट सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानंतर माझं काहीतरी बिघडलं. पातेल्यातलं दूध, दोरीवरची चादर, नमाजाला बसलेल्या नवऱ्याची दाढी, काहीही पांढरं दिसलं की मी नजर फिरवते. स्वप्नात कुणीतरी खल करत असतं आणि आवाज पाण्याखालून येतो.

ती हिवाळ्यात घरी आली. दादीचा निम्मा भाग गेला होता, उरलेल्यावर पट्टा सरकतच होता. दुपारी हकीमसाहेब तिला गच्चीवर घेऊन गेले. मी खडीसाखरेची वाटी घेऊन मागं. तिनं कापडमाती फोडली, झाकण काढलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. इतका शुभ्र कुश्ता आमच्या घरात कधी उतरला नव्हता.

"सफेद झालं का, बेटा?"

ती मडक्यात बघतच राहिली.

"नाय, अब्बा," ती म्हणाली. "अजून रंग हाय."

हकीमसाहेबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तेवढं त्यांना दिसतं. मग त्यांनी झाकण हातात घेतलं, मडक्यावर ठेवलं आणि माती कालवायला बसले.