पिवळ्या रंगाचा तिसरा हात

निहार आणि इरा, हे मला फोनवरही सांगता आलं असतं. पण हल्ली निहार फोनवर ‘हो आजी, बरं आजी’ एवढंच म्हणतो आणि फोन आईकडे देतो. परवा इरानं सांगितलं, की त्यानं आपल्या गाडीच्या ब्रेकवरचा लाल रंग घासून काढला आणि तिथे काळा मारला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, “तो म्हणतो, मी तो फोटो पाठवला नसता तर मामाआजोबा असते.” म्हणून आज लिहायला बसले. शरदला जाऊन दीड महिना झाला. धाकट्या भावाबद्दल कधीतरी लिहायचं होतंच. आता जे जसं घडलं तसं, क्रमानं लिहिते.

तुमचा मामाआजोबा अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होता, पण साहेबी थाट त्याला कधी जमला नाही. लहानपणी मी त्याची पुस्तकं विषयवार लावून द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत तो त्यांची मिसळ करून ठेवायचा. वाचायचं ते मी आणि उघडायचं ते त्यानं, अशी आमची वाटणी. घड्याळ, मिक्सर, तुमच्या आईची सायकल... सोबत आलेलं माहितीपत्रक तो न बघताच माझ्याकडे सरकवायचा. “ताई, इंग्रजी शाळेतली तू. तू वाच, मी स्क्रू काढतो.” माधवी गेली आणि त्याचं हे उघडणं थांबलं. बायकोमागे एकटा राहिलेला माणूस, त्यात हृदयात स्टेंट बसला. मग फोनवर बोलणं उरलं ते गोळ्यांपुरतं. रविवारी मी इथून, शिरगावहून, त्याच्या घरी जेवणाचा डबा घेऊन जायचे, तेव्हा टीव्ही चालू असायचा आणि हा खिडकीकडे तोंड करून बसलेला...

अशात निहारचा फोटो आला. चाक थांबवायला आतल्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतो तो लोखंडी पंजा, ज्याला तुम्ही कॅलिपर म्हणता, त्याला निहारनं घरच्या घरी लाल रंग दिला होता. त्याच संध्याकाळी शरदचा फोन. “ताई, कार्ट्यानं ब्रेकला लिपस्टिक लावलीय.”

“लावू दे. तुला काय करायचंय?”

“मी पिवळी लावणार.”

कॅम्प पाचच्या बाजारात जाऊन त्यानं उष्णता सोसणारा रंग, स्प्रेचा डबा, घेऊनही टाकला. सिंधी दुकानदारानं विचारलं, “साईं, गाडी कौनसी है?” यानं गाडीचं वय सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “फिर रंग रहने दो, हार चढाओ.” हा किस्सा शरदनं मला तीनदा सांगितला आणि दर वेळी तो दुकानदार जास्त विनोदी होत गेला. काम आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये करायचं ठरलं. तिथे सावली होती, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे, वाचायला मी होते.

निहार, इथून नीट वाच. चाक त्यानं उचललं नाही. समोरच्या गॅरेजमधल्या सलीमभाईंनी जॅक लावून, खाली लाकडी ओंडका सरकवून ते काढून दिलं. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि त्यानं ते पाळलं. तो माझ्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तारेच्या ब्रशनं गंज घासत होता, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. तबकडी आणि रबरी नळी कागदानं झाकून चिकटपट्टी मी लावली, कारण त्यानं लावलेली मला बघवेना. “परीक्षेच्या सुपरवायझरसारखी डोक्यावर उभी राहू नकोस गं,” तो म्हणाला, पण मी हलले नाही. पहिला हात दिल्यावर वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई थांबल्या. “काका, गाडीला हळद लावताय? लग्न कधी?”

“मुलगी मिळाली की. तुमच्याकडे आहे का एखादी? स्कूटरही चालेल.”

माधवी गेल्यापासून त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुसरा हात झाला आणि तो पाटावरून उठून भिंतीला टेकला. तळवा छातीवरून फिरवत होता. म्हणाला, “ॲसिडिटी आहे. सकाळी पोह्यांत मिरची जास्त पडली.” मी वरून जिऱ्याचं पाणी आणून दिलं. ते पिऊन तो म्हणाला, “ताई, उरलेलं उद्या करू का?” हातात घेतलेलं काम उद्यावर टाकणारा हा माणूस नव्हता. हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. पण डबा माझ्या हातात होता, चष्मा नाकावर होता, आणि डब्यावर लिहिलं होतं की पुढचा हात तासाभराच्या आत द्यावा, नाहीतर आठवडा थांबावं. मध्येच दिल्यास रंग सुरकुततो. मी ते त्याला वाचून दाखवलं.

“म्हणजे उद्या नाही चालणार?”

“नाही. आत्ता, नाहीतर पुढच्या शनिवारी.”

“मग दे इकडे.”

तो पुन्हा पाटावर बसला. तिसरा हात त्यानं फार सुरेख दिला. तास संपायला किती वेळ आहे हे मी बघत होते... त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.

रंग वाळायला हवा म्हणून गाडी तिथेच ठेवून तो रिक्षानं घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं, खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा. ते ऐकताना मला पटलं होतं. घरी आल्यावर ओट्यावर जिऱ्याच्या पाण्याचा पेला तसाच होता, तो विसळताना पटेना. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, “नातवाचं बघून रंगाच्या नादी लागला आणि गेला.” तुमच्या आईनं ते फोनवर ऐकलं, आणि तिच्याकडून ते निहारपर्यंत पोचलं. मी तिथेच बसले होते. डब्यावरचं ते वाक्य मी तेव्हा सांगू शकले असते. लोक तुझं नाव घेत होते आणि मी गप्प राहिले, निहार. तो बारा हजार किलोमीटर लांब आहे, त्याला काय लागणार आहे, असं काहीतरी मनात आलं असावं. तुला लागलं.

तुझ्या फोटोनं शरद खिडकीपासून उठला. परत पाटावर त्याला मी बसवलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तुझी नाही. ‘आजी, तुझीही चूक नाही’ असं उत्तर पाठवू नकोस. ती गोष्ट मी माझ्याकडे ठेवली आहे, तिथेच असू दे.

गाडी अजून आमच्या पार्किंगमध्ये आहे. चाक सलीमभाईंनी बसवून दिलं. या जुन्या गाडीला कॅलिपर पुढच्या दोनच चाकांना आहेत. उजवा पिवळा आहे, कुठेही सुरकुती नाही. डाव्यावर गंज आहे. डबा माझ्या कपाटात आहे, आणि डाव्या बाजूला पुरेल एवढा रंग त्यात शिल्लक आहे.