बाल्टिककाठचा जिल्हा आणि आमचे सासरे

माझे सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि न्यूझीलंडला, पोरिरुआत आमच्याकडे राहायला आले, ते जिल्हा परिषद सामानात घालूनच. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला इथला नमस्कार, 'किया ओरा', म्हणून झालं की पुढचा प्रश्न, तुमचा तालुका कुठला?

शेजारी एक पोलिश आजीबाई राहत. माहेर बाल्टिक समुद्रावरचं कोळ्यांचं खेडं. मागे वाळूच्या टेकड्या, मग तळं, मग बटाट्याची शेतं, आणि जिल्ह्याची कचेरी पार आतल्या शहरात. त्यांच्या आईची कबर त्या खेड्यात. तिकडे वीस वर्षांनी कबरीची मुदत वाढवून घ्यावी लागते, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. मुदत संपत आली होती. गावातून निरोप आला, अर्ज ग्मिनात करा. ग्मिना म्हणजे आसपासच्या गावांची मिळून एक ग्रामपंचायतच.

"ग्रामपंचायत?" सासरे हसले. "अगं, त्यांना सांग, खाली दिलेला अर्ज कुजतो. थेट जिल्हाप्रमुखाला लिहा. वरून शेरा आला की खालचे पळत येतात."

"बाबा, तिकडे जिल्हा ग्मिनाचा साहेब नसतो. मी वाचलंय. निदान दोन्हीकडे तरी पाठवू दे."

"दोन्हीकडे पाठवलं की दोघंही एकमेकांवर ढकलतात. आणि साहेब नसलेला जिल्हा जगात नाही."

ज्यांना इथल्या लायब्ररीचं कार्ड मी काढून दिलं, ते पोलंडचा कारभार शिकवत होते. आजीबाईंचा खसखशीचा केक चापत त्यांनी 'माननीय महोदय'पासून मजकूर सांगितला. मी इंग्रजी केलं, आजीबाईंनी भक्तिभावाने पोलिश. उंटावरचे शहाणे आमच्याच घरी उतरले होते.

उत्तर आलं तेव्हा मुदत उलटली होती. जिल्ह्याने लिहिलं होतं: आमच्याकडे रस्ते, हायस्कुलं आणि रुग्णालय. स्मशानभूमी नाही, ग्मिनाकडे जावे. आजीबाईंनी ग्मिनात फोन लावला. जागा दुसऱ्याला दिली गेली होती.

सासरे म्हणाले, "तिकडची यंत्रणाच ढिसाळ." मला त्यांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी आजीबाई कुंपणापाशी आल्या. सासऱ्यांकडे बघत मला इंग्रजीत म्हणाल्या, "यांना विचार, मी आता फुलं कुठे ठेवू? जिल्हा कचेरीत?"

मी ते मराठीत सांगितलं. एकही शब्द सौम्य केला नाही.